कोच म्हणतात "वरून खाली मार": स्विंगबद्दलच्या आग्रहांना कसं तोंड द्यायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय सोळा, शाळेच्या बेसबॉल संघात बॅटर. संघाचे सर सांगतात, बॅट वरून खाली आण, मागचं कोपर उंच ठेव, पुढचा पाय उचलणं बंद कर. सुट्टीत ज्या ट्रेनरकडे शिकलो त्यांनी बरोबर उलट शिकवलं होतं: बॅट किंचित चढती जाऊ दे, पाय उचलून लय पकड. गेल्या काही सामन्यांत पॉप-अप जास्त जातायत. (म्हणजे चेंडू जवळच उंच उडतो आणि सहज झेलला जातो.) सरांचं ऐकलं तर स्विंग बिघडेल, नाही ऐकलं तर बाकावर बसेन. बाबा म्हणतात, मीच सरांशी बोलतो. काय करू?

तुझ्या प्रश्नातलं एक वाक्य परत वाच. "गेल्या काही सामन्यांत पॉप-अप जास्त जातायत." ते तू ओघात लिहून पुढे गेलायस, पण माझ्या मते सगळं प्रकरण तिथेच आहे. सर तुझे पॉप-अप बघतायत आणि त्यावर त्यांना माहीत असलेला उपाय सांगतायत. तुला उपाय पटत नाही म्हणून तू दोषही मान्य करायला तयार नाहीस. आणि तू दोष मान्य करत नाहीस असं दिसलं की सर तोच उपाय आणखी मोठ्या आवाजात सांगतात. बॅटर आणि कोच यांच्यात स्विंगवरून जे वाद होतात त्यांतले बहुतेक असेच चिघळतात.

औषध आणि दुखणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. औषधाबद्दल दोन डॉक्टरांचं जमत नसलं तरी दुखणं कुठे आहे यावर बऱ्याचदा एकमत असतं. तुझं पहिलं काम सरांना खोटं ठरवणं नाही आणि मान डोलावणंही नाही. त्यांना नेमका कुठला दोष दिसतोय, हे त्यांच्याच तोंडून काढून घेणं हे ते काम आहे. दोषावर दोघांचं जमलं की उपायावर बोलायला खूप जागा मिळते.

ते संभाषण कसं करायचं ते पुढे सांगतो. त्याआधी तुझ्या तीन तक्रारींत तथ्य किती ते बघू, कारण अर्धवट माहितीवर सरांपुढे गेलास तर पहिल्याच मिनिटात अडकशील.

"वरून खाली" या सूचनेवर थोडा वेळ घालवायला हवा. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, १० इंच उंच माउंडवर (मातीच्या उंचवट्यावर) असतो. चेंडू त्याच्या हातातून डोक्याच्या आसपासच्या उंचीवरून सुटतो आणि तुझ्या मांडीपाशी पोचतो. म्हणजे तो उतरत येतो. चांगल्या वेगाचा फास्टबॉल साधारण ५-६ अंशांनी उतरतो, वळत खाली पडणारा कर्व्हबॉल १० च्या आसपास, आणि वेग कमी असला की उतार आणखी वाढतो. आता बॅटचा जाड भाग जर चेंडू लागेपर्यंत खालीच जात राहिला, तर त्याचा आणि चेंडूचा रस्ता फुलीसारखे एकाच ठिकाणी छेदतात. त्या ठिकाणी त्या क्षणी पोचलास तर ठीक, जरा लवकर किंवा उशिरा पोचलास की चेंडूचा वरचा नाहीतर खालचा भाग लागतो. उलट बॅट किंचित चढती असली तर ती चेंडूच्या रस्त्यावरून बरंच अंतर जाते, आणि वेळ थोडी चुकली तरी जाड भागच लागतो. अमेरिकेतला बॅटर टेड विल्यम्स, ज्याने १९४१ च्या हंगामात ०.४०६ ची सरासरी काढली (म्हणजे दर दहा संधींत चारहून जास्त हिट, फटका मारून सुरक्षित बेस गाठणं), तो हेच हिरिरीने सांगायचा. तुझ्या ट्रेनरचं म्हणणं या अर्थाने बरोबर आहे.

पण अर्धंच बरोबर आहे. स्विंग सुरू होताना बॅट तुझ्या खांद्यापाशी असते आणि चेंडू येणार मांडीपाशी. खाली उतरल्याशिवाय ती तिथे जाणार कशी? पहिला टप्पा उतरताच असतो, जगातल्या प्रत्येक चांगल्या बॅटरचा. चढ येतो तो नंतर, चेंडूच्या जवळ, आणि तोही मागच्या खांद्याच्या हलक्या कलामुळे आपोआप येतो. ज्या मुलांना "चढता स्विंग" शिकवला जातो त्यांच्यातली बरीच मुलं हा पहिला उतार गाळून टाकतात. पाय टेकायच्या आधीच मागचा खांदा पडतो, हात कमरेपाशी येतात, बॅटचं डोकं हातांच्या मागे खाली लोंबतं आणि तिथून सगळा स्विंग वर ओढला जातो. मांडीच्या उंचीचा हळू चेंडू अशा स्विंगला मस्त लागतो, म्हणून केजमध्ये, म्हणजे सरावाच्या जाळीत, सगळं छान वाटतं. सामन्यात कोणी छातीच्या खालोखाल जोरात चेंडू टाकला की बॅट त्याच्या खालून जाते. मग एकतर इनफिल्डवर (बेसांच्या आसपासच्या भागात) उंच पॉप-अप, नाहीतर कॅचरच्या मागच्या जाळीत फाउल, म्हणजे रेषेबाहेर गेलेला फटका.

तुझे पॉप-अप असेच जातायत का, हे मी इथून सांगू शकत नाही, पण तू सांगू शकतोस. कुठल्या चेंडूंवर गेले ते आठव. बहुतेक कमरेच्या पट्ट्याच्या वरच्या चेंडूंवर गेले असतील तर सरांना दिसतंय ते खरं आहे, शब्द तुला पटोत न पटोत.

आणि शब्दांबद्दल एक गोष्ट कायम लक्षात ठेव. कोच मैदानावर जे ओरडून सांगतो ते स्विंगचं वर्णन नसतं. अंगाला काय जाणवायला हवं याची ती खूण असते. ज्याचा खांदा पडतोय त्याला "सरळ मार" सांगितलं तर त्याच्यात काहीच फरक पडत नाही, कारण त्याला वाटत असतं की तो सरळच मारतोय. त्याला "कुऱ्हाडीसारखी खाली आण" सांगितलं की तो अर्ध्यावर येतो, आणि अर्ध्यावर म्हणजे नेमकं हवं तिथे. माझ्याकडच्या एका मुलीचं उदाहरण देतो. ती हाच दोष घेऊन आली होती. मी टी (चेंडू ठेवायचा रबरी खांब) तिच्या छातीच्या उंचीला लावली आणि सांगितलं, चेंडू दुसऱ्या बेसमनच्या पायाशी जमिनीवर आपट. पहिले काही स्विंग टीच्या रबरावर बसले, थड थड आवाज येत होता. मग हळूहळू रबर लागणं बंद झालं आणि चेंडू केजच्या समोरच्या जाळीच्या मध्यावर ताठ जायला लागले. ती म्हणाली, "सर, मी तर लाकूड फोडतेय असं वाटतंय." मोबाइलवर मंद गतीत बघितलं तर चेंडू लागताना बॅट किंचित चढतीच होती. तिला जाणवत होतं एक आणि घडत होतं दुसरं, आणि जे घडत होतं ते उत्तम होतं.

याची उलट बाजूही आहे. ज्याचा स्विंग आधीच सपाट किंवा उतरता आहे त्याला हीच खूण दिली तर तो दिवसभर शॉर्टस्टॉपला (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधल्या खेळाडूला) ग्राउंडर, म्हणजे जमिनीवरून जाणारे फटके, मारत बसेल. म्हणून संघातल्या सगळ्यांना सरसकट "खाली मार" सांगणं मला पटत नाही. तुझे सर सगळ्यांना एकच सांगतात की फक्त तुला, हे बघून ठेव. फक्त तुला सांगत असतील तर त्यांनी तुझ्यात काहीतरी पाहिलंय.

ट्रेनरकडून तू "लाँच अँगल", म्हणजे चेंडू बॅटवरून सुटतो तो कोन, हा शब्दही ऐकला असशील. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या मेजर लीगच्या सगळ्या मैदानांवर चेंडूचा वेग आणि कोन मोजायची यंत्रणा बसली आणि तेव्हापासून हा शब्द सगळीकडे पसरला. पण तिथे सर्वांत घातक फटक्याची जी व्याख्या आहे ती चेंडू बॅटवरून किमान ताशी ९८ मैलांनी सुटण्यापासून सुरू होते, आणि त्या वेगाला २६ ते ३० अंशांचा कोन लागतो. ताशी ९८ मैल म्हणजे जवळपास १५८ किलोमीटर. सोळाव्या वर्षी फार थोड्यांचा चेंडू इतका जोरात सुटतो. तोच कोन ठेवून ७० मैलांचा फटका मारलास तर आउटफिल्डरला आरामात झेलता येईल असा फ्लाय होतो. तुझ्या वयात हिट मिळतात ते त्याहून बरेच खालून ताठ जाणाऱ्या फटक्यांवर, म्हणजे लाइन ड्राइव्हवर. अंगात ताकद आली की तोच स्विंग चेंडू कुंपणापलीकडे नेतो, कोन मुद्दाम वाढवावा लागत नाही.

मागचं कोपर उंच ठेवण्याचं प्रकरण लहान आहे. कोपर कुठेही ठेव, स्विंग सुरू झाला की ते खाली येऊन बरगड्यांजवळून जातंच. कोपर उंच ठेवल्याने ताकद वाढते असं मला कधी दिसलं नाही, आणि लहान मुलांत उलट स्विंग लांबतो. पण स्टान्स म्हणजे स्विंग नव्हे. उभं राहायच्या पद्धतीवर सरांशी भांडण करू नकोस. कोपर त्यांना हवं तितकं वर ठेव, पिचर हात मागे नेईल तेव्हा ते सैल सोड. तुझं काही जात नाही.

असे आणखी काही आग्रह कानावर येतील. मागच्या पायाने किडा चिरडल्यासारखा पंजा फिरव, असं जुने कोच सांगतात. मंद गतीतले व्हिडिओ बघितलेस तर चेंडू लागताना कित्येक मोठ्या बॅटरांचा मागचा पाय जवळजवळ हलका झालेला, कधी जमिनीवरून उचललेला दिसतो, कारण वजन पुढच्या पायावर गेलेलं असतं. मनगटं फिरव, असंही सांगतात. ती फिरतात, पण चेंडू गेल्यावर. चेंडू बॅटवर आदळेपर्यंत बघ, हेही शब्दशः शक्य नसतं, शेवटच्या काही फुटांत डोळे चेंडूच्या मागे पडतातच. तरीही ती सूचना मी स्वतः रोज देतो, कारण तिच्यामुळे डोकं स्थिर राहतं. या कुठल्याही गोष्टीवर सरांना दुरुस्त करायला जाऊ नकोस. त्यातून काय साधायचंय ते घे.

आता पाय उचलण्याचं. इथे तुझी काळजी मला समजते, कारण लय हा बॅटरचा खासगी मामला असतो आणि ती मोडली की सगळंच परकं वाटतं.

ताशी ९० मैलांचा चेंडू प्लेटपर्यंत (बॅटरपाशी जमिनीत बसवलेल्या पाटीपर्यंत) यायला सुमारे ०.४ सेकंद घेतो आणि स्विंगलाच ०.१५ सेकंदाच्या आसपास लागतात. उरलेल्या पाव सेकंदात चेंडू ओळखायचा, मारायचा की सोडायचा ते ठरवायचं. पाय किती उचलायचा हा प्रश्न या हिशेबातला आहे, दिसण्यातला नाही. पाय वेळेवर खाली आला तर कितीही उचल, नाही आला तर एक इंचही जास्त.

जपानचा सदाहारू ओह बघ. १९६१ मध्ये त्याचे होमरन (कुंपणापलीकडे गेलेले फटके) होते १३. हात मागे घेताना अडखळायचे आणि त्यामुळे स्विंगची वेळ चुकायची. बॅटिंग कोच हिरोशी अराकावा यांनी १९६२ मध्ये त्याला पुढचा पाय गुडघ्यात वाकवून उंच उचलून एका पायावर उभं केलं. दिसायला विचित्र, पण त्या वर्षी होमरन झाले ३८ आणि निवृत्तीपर्यंत ८६८. कोचची मागणी अजब होती, पण ती एका नेमक्या दोषावर होती, आणि कोच स्वतः त्याच्याबरोबर त्या सरावात तासन्‌तास उभा होता.

दुसरं उदाहरण इचिरो सुझुकीचं. तो पुढचा पाय लंबकासारखा मागे-पुढे झुलवायचा. ओरिक्स या त्याच्या जपानी संघाच्या त्या वेळच्या मॅनेजरना ते मान्य नव्हतं, आणि पहिली दोन वर्षं त्याचा बराच काळ त्यांच्याच दुय्यम संघात गेला. तिथे तो हिट काढत राहिला. १९९४ मध्ये नवे मॅनेजर आले, त्यांनी त्याला रोज खेळवलं, आणि १३० सामन्यांच्या हंगामात त्याने २१० हिट आणि ०.३८५ ची सरासरी काढली. पुढे २००४ मध्ये मेजर लीगमध्ये एका हंगामात २६२ हिटचा विक्रम केला. आपलं खरं करणाऱ्या मुलांना ही गोष्ट फार आवडते. पण तिचा दुसरा भाग कमी सांगितला जातो: अमेरिकेत अधिक वेगवान पिचिंगपुढे खेळताना इचिरोने स्वतःच ती पायाची उचल बरीच कमी केली. उचल त्याला प्यारी नव्हती, वेळ प्यारी होती.

तुझ्यासाठी कसोटी सोपी आहे. पिचर चेंडू सोडतो त्याच सुमाराला तुझा पाय खाली येतोय का? वेगवान पिचरपुढे चेंडू उजव्या बाजूला फाउल जात असतील (तू उजव्या हाताचा बॅटर आहेस असं धरून), तर तू उशिरा पोचतोयस. तेव्हा पाय कमी उचल, किंवा उचलायला लवकर सुरुवात कर. दुसरा मार्ग बऱ्याच कोचना मान्य होतो, कारण त्यांना खुपतो तो उशीर, पाय नव्हे. आणि दोन स्ट्राइक झाल्यावर (तिसरा झाला की बाद) पाय न उचलता फक्त टाच उचलून टेकवायची, बॅट थोडी वर पकडायची, एवढं तू आपण होऊन सरांना देऊ केलंस तर अर्धा वाद तिथेच मिटेल.

आता बोलायचं कसं. सामन्याच्या दिवशी नाही, सरावाच्या मध्येही नाही, आणि इतर मुलांसमोर तर मुळीच नाही. सराव संपल्यावर साहित्य गोळा करायला मदत कर आणि विचार:

"सर, पाच मिनिटं आहेत का? माझे पॉप-अप फार जातायत. तुम्हाला माझ्या स्विंगमध्ये काय दिसतंय?"

बहुतेक कोच या प्रश्नाने सैल होतात, कारण तू त्यांच्या मागणीवर बोलत नाहीयेस, त्यांच्या नजरेला विचारतोयस. ते म्हणतील, "अरे, खांदा पाडतोस तू. बॅट खालून येते." हा झाला दोष, त्यांच्या तोंडून. मग विचार, "कुठल्या चेंडूवर जास्त होतं, सर?" ते म्हणतील, "वरच्या, आतल्या." आता तुम्ही दोघं एकाच चेंडूकडे बघताय. इथे तू म्हणू शकतोस, "मग मी रोज उंच टीवर सराव करतो. लाइन ड्राइव्ह जायला लागले की मला सांगाल का, बरोबर होतंय की नाही?"

यात तू "वरून खाली मारीन" असं कबूल केलेलं नाहीस आणि "मारणार नाही" असंही म्हटलेलं नाहीस. चेंडू कसा जायला हवा यावर दोघांचं ठरलंय. कोचला शेवटी चेंडू ताठ गेलेला हवा असतो. तो जायला लागला की तुझं कोपर कुठे आहे इकडे त्यांचं लक्षही जात नाही, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

काही वाक्यं मात्र तोंडातून काढू नकोस. "पण माझे ट्रेनर म्हणतात" हे पहिलं. त्या क्षणी विषय तुझा स्विंग उरत नाही, दोन मोठ्या माणसांचा मान हा विषय होतो. "मोठे खेळाडू तर असं करत नाहीत" हे दुसरं. ते खरं असलं तरी त्यांच्या अंगात जी ताकद आणि हजारो चेंडूंची सवय आहे ती तुझ्यात अजून नाही, आणि सर तेच उत्तर देतील.

ट्रेनरशीही बोल. त्यांना सांग, संघात मला हा दोष सांगितलाय, तुमच्या पद्धतीत तो कसा काढायचा? चांगला ट्रेनर लगेच उंच टी लावेल. जो ट्रेनर दोष ऐकून न घेता तुझ्या सरांना नावं ठेवायला लागेल, त्याच्याकडे जाणं कमी कर.

एवढं करूनही सर अडून राहिले की नाही, मी सांगतो तसंच, तर? तर दोन आठवडे मनापासून करून बघ. अर्धवट नको. नापसंत सूचना अर्ध्या मनाने करून "बघा, होत नाही" म्हणणारा मुलगा कोचला चटकन ओळखू येतो आणि त्याचं ऐकून घेणं तिथेच थांबतं. त्या दोन आठवड्यांत प्रत्येक सरावानंतर वहीत लिही: कुठल्या उंचीचा चेंडू, कसा गेला, जोरात की मिळमिळीत. पॉप-अप कमी होऊन ग्राउंडर वाढले असतील तर ती वही घेऊन जा. "सर, तुम्ही सांगितलं तसं केलं. वरचे चेंडू आता चांगले लागतायत, पण खालचे सगळे जमिनीत जातायत. खालच्या चेंडूला काय करू?" मनापासून प्रयत्न केलेल्या मुलाच्या या प्रश्नाला उत्तर न देणारा कोच मला क्वचितच भेटला.

मात्र एक सीमा ठेव. हंगामाच्या मध्यावर एका वेळी एकच बदल. सरांनी तीन गोष्टी सांगितल्यात, तर त्यांनाच विचार की सर, आधी यातलं कुठलं करू? तीनही एकदम केलंस तर कशामुळे काय झालं ते कोणालाच कळणार नाही. पाया बदलायचा असेल तर तो हंगाम संपल्यावर. मेजर लीगमधल्या जे. डी. मार्टिनेझने २०१३ च्या हंगामानंतर सुट्टीत आपला स्विंग मुळापासून नव्याने बांधला. मार्च २०१४ मध्ये त्याच्या संघाने त्याला सोडून दिलं, आणि त्याच वर्षी डेट्रॉइटच्या संघाकडून त्याने ०.३१५ च्या सरासरीने २३ होमरन मारले. इतका मोठा बदल सामने चालू असताना त्यालाही झेपला नसता असं मला वाटतं. आणि प्लेटवर उभा असताना यातलं काहीही डोक्यात आणू नकोस. तिथे फक्त चेंडू.

तंत्राबद्दलचं बोलणं आणि सामन्यातले इशारे यांचीही गल्लत करू नकोस. सरांनी बंटचा (बॅट न फिरवता चेंडू हळूच जवळ पाडायचा) इशारा केला तर बंट. हिट-अँड-रन असेल तर रनर निघालाय, तुला चेंडूला बॅट लावायचीच आहे, शक्यतो जमिनीवरून. तिथे चढता स्विंग, माझी लय, काही नाही. हे निर्णय त्यांचे आहेत आणि त्यावर चर्चा नसते. गंमत अशी की जो मुलगा इशारे न चुकता पाळतो त्याला स्विंगच्या बाबतीत मोकळीक पटकन मिळते.

वाद घालायचा नाही, सरळ थांबायचं, असा एकच प्रसंग आहे: दुखणं. नव्या पद्धतीने स्विंग करताना मनगटात, कमरेत किंवा बरगड्यांच्या बाजूला दुखायला लागलं तर तिथल्या तिथे थांब आणि सरांना सांग. दुखतंय तरी चालू ठेव असं कोणी म्हणालं तर ऐकायचं नाही.

आणि बाबा. त्यांना तुझी काळजी आहे, पण तुझ्या स्विंगबद्दल त्यांनी सरांशी बोलू नये. सोळा वर्षांच्या खेळाडूचे वडील तंत्रावर बोलायला आले की कोच बचावाच्या पवित्र्यात जातो, आणि त्यानंतर तू विचारलेला प्रत्येक प्रश्न त्याला बाबांचा वाटतो. दुखापत असेल, किंवा सर मुलांना अपमानास्पद बोलत असतील, मारत असतील, तर बाबांनी जायलाच हवं, आणि ते सरांपाशीच अडलं तर शाळेपर्यंत. बाकी वेळी त्यांच्यासाठी जास्त उपयोगाचं काम आहे: मोबाइल धरणं.

साध्या व्हिडिओत सेकंदाला ३० चित्रं असतात, म्हणजे तुझा अख्खा स्विंग चार-पाच चित्रांत संपतो आणि काहीच दिसत नाही. मंद गतीचा पर्याय २४० चित्रांवर ठेवला तर तोच स्विंग ३५ च्या आसपास चित्रांत पसरतो. बाबांनी जाळीच्या बाहेर, तुझ्या छातीच्या समोर, कमरेच्या उंचीवर मोबाइल स्थिर धरावा. दुसऱ्या फेरीत बरोबर मागून, कॅचरच्या जागेच्या बाहेरून. टीवरचे फटके नको, कोणीतरी टाकलेल्या चेंडूंचे हवेत, आणि त्यांत निम्मे तरी पट्ट्याच्या वरचे. चेंडू लागण्याच्या आधीच्या दहा-बारा चित्रांत बघ, पुढचा पाय टेकला तेव्हा मागचा खांदा कुठे आहे आणि बॅटचं डोकं हातांच्या किती खाली गेलंय. बघून झालं की स्वतःचा निष्कर्ष न सांगता तोच व्हिडिओ सरांना दाखव आणि विचार, "सर, तुम्ही म्हणता ते कुठल्या चित्रात दिसतंय?"